प्रोजेक्ट विकत घ्यायला लावू नका, बांधू द्या

प्रति,
मा. प्राचार्य,
मा. विभागप्रमुख, अणुविद्युत व दूरसंचार,
आणि राज्यातल्या पॉलिटेक्निकमध्ये प्रोजेक्टचे गाईड असलेले सर्व सर आणि मॅडम यांस,

विषय: कॅपस्टोन प्रोजेक्ट बाहेरून करून घेण्याची सूचना मागे घेणे व प्रयोगशाळा विद्यार्थ्यांसाठी खुली करणे याबाबत

सविनय नमस्कार.

मागच्या आठवड्यात आमच्या विभागाच्या फलकावर एक सूचना लागली. तृतीय वर्षाच्या सगळ्या ग्रुपनी कॅपस्टोन प्रोजेक्ट, म्हणजे पदविकेचा शेवटचा मोठा प्रोजेक्ट, एका बाहेरच्या संस्थेकडूनच करून घ्यावेत, तिच्या यादीतला विषय निवडावा, ग्रुपमागे ठरलेली फी तिथे भरावी आणि पावती गाईडकडे जमा करावी. खाली कारणही दिलं होतं: प्रोजेक्ट वेळेत पूर्ण व्हावेत आणि परीक्षेच्या दिवशी चालावेत. कॉलेजचं नाव मी लिहीत नाही. हा प्रकार एका कॉलेजपुरता नाही हे दुसऱ्या जिल्ह्यांतल्या मैत्रिणींशी बोलल्यावर कळलं. कुठे सूचना लेखी असते, कुठे तोंडी, कुठे एखाद्या दुकानाचं कार्ड हातात दिलं जातं.

मला ही सूचना मान्य नाही. ती काढावी म्हणून आधी तोंडी विनंती केली, मग विभागात लेखी अर्ज दिला. ‘यंदा असंच ठरलंय’ एवढंच उत्तर मिळालं. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. कुणाचा अपमान करण्याचा यात हेतू नाही. ज्यांच्याकडून मी सोल्डरिंग आयर्न धरायला शिकले त्यांनाच मी हे लिहिते आहे.

मी सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यातली. घरची डाळिंबाची बाग आहे आणि विहिरीवर ५ एचपीची थ्री-फेज मोटर. शेतीच्या फीडरला थ्री-फेज वीज ठरावीक तासच असते. पाळी रात्रीची आली की बाबा बॅटरी घेऊन विहिरीवर जातात. मोटर चालू असताना डीपीवरचा एखादा फ्यूज उडाला आणि एक फेज गेला, तर चालती मोटर बहुतेक वेळा थांबत नाही. ती उरलेल्या दोन फेजमधून जादा करंट ओढत फिरत राहते, वाइंडिंग तापतं आणि जळतं. मग मोटर काढायची, तालुक्याला रिवाइंडिंगला न्यायची आणि ती परत येईपर्यंत आभाळाकडे बघायचं. बहर धरलेल्या बागेला ऐन वेळी पाणी तुटलं की फुलं गळतात, आणि त्या हंगामाचा हिशेबच बदलतो. हे आमच्या घरी झालेलं आहे, शेजारच्यांकडे झालेलं आहे. थ्री-फेज मोटर असलेल्या कुठल्याही गावात विचारा, कुणी ना कुणी सांगेल.

एक फेज गेला की मोटर बंद करणारा सिंगल फेज प्रिव्हेंटर बाजारात मिळतो, मोबाईल स्टार्टरही मिळतो. पण मोटर बंद पडली की का बंद पडली ते आमच्याकडे कुणालाच कळत नाही. फेज गेला, व्होल्टेज पडलं, की विहिरीतलं पाणी संपून मोटर कोरडी फिरायला लागली? कोरडी फिरणारी मोटर करंट कमी ओढते, फेज गेलेली मोटर जास्त ओढते. म्हणजे करंट आणि व्होल्टेज नीट मोजले तर कारण सांगता येतं. ५ एचपीच्या मोटरचा पूर्ण भाराचा करंट साधारण ७ ते ८ अँपिअर. तो ‘करंट ट्रान्सफॉर्मर’ने, म्हणजे तारेभोवती बसणाऱ्या सीटीने मोजायचा, तिन्ही फेजवर लक्ष ठेवायचं, बिघाड दिसला की कॉन्टॅक्टर (मोटरची वीज जोडणारा-तोडणारा स्विच) सोडायचा आणि शेतकऱ्याला मराठीत कारणासह एसएमएस पाठवायचा. आम्हा चौघींचा प्रोजेक्ट एवढाच आहे. पाचव्या सेमिस्टरला आम्ही तो मंजूर करून घेतला आणि कामाला लागलो.

सुरुवात एसएमएसच्या भागापासून केली. सिम८००एल हे सिमकार्ड घालून एसएमएस पाठवणारं जीएसएम मॉड्यूल घेतलं, कारण ते स्वस्त आहे आणि आमच्या शेतात २जीची रेंज मिळते. (जिओचं सिम त्यात चालत नाही, कारण जिओचं २जी जाळंच नाही. ही गोष्ट नियोजनाच्या कागदावर असायला हवी, नाहीतर ती यंत्र शेतात बसवल्यावर कळते.) या मॉड्यूलवर एक बारीक दिवा असतो. नेटवर्क शोधताना तो सेकंदाला एकदा लुकलुकतो, नेटवर्क मिळालं की तीन सेकंदांनी एकदा. आमचा दिवा थोडा वेळ भरभर लुकलुकायचा, विझायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा. मल्टिमीटर लावला तर सप्लाय ४.१ व्होल्ट. डेटाशीटमध्ये ३.४ ते ४.४ दिलेत, म्हणजे अगदी मर्यादेत. कोड पुन्हा तपासला, सिम बदललं, अँटेना बदलला. दिवा विझायचा तो विझायचाच.

शेवटी प्रयोगशाळेतल्या काकांनी जेवणाच्या सुट्टीत डीएसओ, म्हणजे व्होल्टेजचा आलेख पडद्यावर दाखवणारा डिजिटल ऑसिलोस्कोप, वापरू दिला. प्रोब थेट मॉड्यूलच्या पिनांवर लावला, व्होल्टेज खाली घसरताना ट्रिगर होईल, म्हणजे तो क्षण पकडला जाईल, असं ठेवलं. मल्टिमीटरला जे कधीच दिसलं नसतं ते पडद्यावर आलं: ४.१ च्या सरळ रेषेत ठरावीक अंतराने अरुंद खड्डे. जीएसएम मॉड्यूल सलग प्रक्षेपण करत नाही. दर ४.६ मिलिसेकंदांत एकदा, अर्ध्या मिलिसेकंदाहून किंचित जास्त वेळ करतं, आणि तेवढ्या वेळात २ अँपिअरपर्यंत करंट ओढू शकतं. जुना फोन रेडिओजवळ ठेवला की जी टर्रर्र टर्रर्र ऐकू यायची ती याचीच. आमचा सप्लाय चांगला होता, पण तो झटका ब्रेडबोर्डच्या (सोल्डर न करता पार्ट खोचायच्या पाटीच्या) सैल क्लिपांमधून आणि केसाएवढ्या जंपर वायरमधून येताना व्होल्टेज वाटेतच पडत होतं आणि मॉड्यूल बंद होत होतं. मल्टिमीटर सरासरी दाखवतो, म्हणून त्यावर सगळं ठीक दिसत होतं. मग मॉड्यूलच्या पायांशीच १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला, जंपर काढून झीरो पीसीबीवर (सोल्डर करायच्या, भोकं असलेल्या पाटीवर) आखूड, जाड वायर सोल्डर केली. दिवा तीन सेकंदांच्या लयीला लागला आणि बाबांच्या फोनवर पहिला एसएमएस गेला.

विकत घेतलेल्या प्रोजेक्टमध्ये हा कपॅसिटर आधीच बसवलेला असेल. तो तिथे का आहे हे मला कुणी विचारलं नसतं, आणि मलाही विचारावंसं वाटलं नसतं. सर, मॅडम, या सूचनेला माझा विरोध आहे तो मुख्यतः यासाठी.

आता एकेक तक्रार मांडते.

पहिली तक्रार त्या संस्थेच्या यादीबद्दल. आमच्या विषयाच्या जवळचा एक विषय त्या यादीत आहे, आणि मागच्या वर्षीच्या ग्रुपने तो घेतला होता. मी तो हातात घेऊन पाहिला. तीन फेजच्या जागी तीन टॉगल स्विच आहेत, मोटरच्या जागी १२ व्होल्टचा छोटा पंखा. स्विच बंद केला की पंखा थांबतो आणि एलसीडीवर अक्षरं येतात. सीटी नाही, कॉन्टॅक्टर नाही, थ्री-फेजशी कसलाच संबंध नाही. मुख्य आयसीवरचा नंबर घासून काढलेला. सर्किटची पूर्ण आकृती दिली जात नाही, सोर्स कोडही नाही, मायक्रोकंट्रोलरमध्ये प्रोग्रॅम भरूनच येतो. सोबत ओरलसाठी प्रश्नोत्तरांची पानं आणि छापायला तयार रिपोर्ट. बिघडला तर विद्यार्थ्याने तो उघडायचा नाही, दुकानात परत न्यायचा. तीन वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्या मुलाला स्वतःचाच प्रोजेक्ट उघडता येत नाही, ही गोष्ट तुम्हालाही बोचत असणार, याची मला खात्री आहे. कारण दुसऱ्या वर्षी तुम्हीच आम्हाला प्रत्येक पिनवर व्होल्टेज मोजायला लावलं होतं.

आणि फी. आमच्या वर्गात अशी मुलं आहेत ज्यांचे आईवडील ऊसतोडीला जातात, रोजंदारीवर जातात. शिष्यवृत्ती वेळेवर येत नाही. त्याच पैशात आमच्या ग्रुपचे सीटी, मायक्रोकंट्रोलर बोर्ड, जीएसएम मॉड्यूल, सप्लाय आणि कॉन्टॅक्टर येतात आणि थोडे उरतात. आम्ही भाव काढलेत, यादी विभागात दिली आहे.

दुसरी तक्रार नियोजनाच्या सेमिस्टरबद्दल, आणि मला ती सगळ्यात मोठी वाटते. कॅपस्टोनची आखणी पाचव्या सेमिस्टरला आणि बांधणी सहाव्याला, असा विचार अभ्यासक्रमात आहे आणि तो फार चांगला आहे. पण प्रत्यक्षात पाचव्या सेमिस्टरला विषयाचं नाव, चार ओळींचा सारांश आणि कुठूनतरी उतरवलेला तक्ता एवढंच मागितलं जातं. लॉगबुकमध्ये दर आठवड्याला गाईडची सही हवी असते. ती सेमिस्टर संपताना एका बैठकीत, एकाच पेनाने होते. मग सहाव्या सेमिस्टरला जानेवारीत पार्ट मागवायला सुरुवात, फेब्रुवारीत कळतं की मागवलेला सेन्सर या कामाचा नाही, मार्चमध्ये धावपळ, आणि एप्रिलमध्ये दुकान. प्रोजेक्ट वेळेत होत नाहीत हे तुमचं म्हणणं खरं आहे. पण ते होत नाहीत याचं कारण या वाया गेलेल्या सेमिस्टरमध्ये आहे, आणि बाहेरची संस्था आणून ते कारण जात नाही.

नियोजन म्हणजे काय हे आम्हाला कुणी करून दाखवायला हवं होतं. आमच्या यंत्राचंच घ्या. सीटीतून येणारं सिग्नल शून्याच्या वर आणि खाली जातं. आर्डुइनो उनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डाचा एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) ० ते ५ व्होल्टच वाचतो, ऋण बाजू त्याला चालत नाही. म्हणून दोन सारख्या रेझिस्टरने सिग्नल अडीच व्होल्टवर उचलून घ्यावं लागतं. एडीसी १० बिटचा, म्हणजे ० ते १०२३ इतक्याच पायऱ्या. मोटरचा चालू करंट ८ अँपिअर, पण सुरू होताना तो त्याच्या कितीतरी पट होतो. मग सीटी किती अँपिअरचा घ्यायचा? मोठा घेतला तर कोरड्या मोटरचा आणि भारावरच्या मोटरचा फरक मोजक्या पायऱ्यांत चेपला जातो, लहान घेतला तर सुरुवातीचा करंट मोजमापाच्या बाहेर जातो. सुरू होतानाचे काही सेकंद करंटकडे दुर्लक्ष करायचं ठरवलं तर लहान सीटी चालेल, पण मग नेमक्या त्याच सेकंदांत फेज गेला तर? मग करंटवर विसंबता येत नाही, व्होल्टेज वेगळं तपासावं लागतं. सीटीमध्ये बर्डन रेझिस्टर (सीटीच्या करंटचं व्होल्टेज करणारा) आत आहे की बाहेरून लावायचा, हेही खरेदीआधी पाहावं लागतं, कारण बर्डन नसलेल्या सीटीचं सेकंडरी (बाहेर येणारी टोकं) चालू तारेवर उघडं ठेवणं धोक्याचं असतं. हे सगळे प्रश्न कागदावर सुटतात, एकही पार्ट न घेता. गाईडने दर आठवड्याला वीस मिनिटं समोर बसून असे चार प्रश्न विचारले असते, तर वर्गातल्या अर्ध्या ग्रुपना चुकीची खरेदी टाळता आली असती.

तिसरी तक्रार प्रयोगशाळेच्या कुलुपाबद्दल. साडेचारला लॅब बंद होते. लेक्चर आणि प्रॅक्टिकल संपेपर्यंत चार वाजलेले असतात. डीएसओ कपाटात असतो, कपाटाची चावी एकाकडे, आणि ते रजेवर असले की कपाट बंद. काकांवर माझा राग नाही. एखादं यंत्र बिघडलं की डेड स्टॉक रजिस्टर (लॅबमधल्या वस्तूंची नोंदवही) उघडलं जातं आणि त्यांना जाब द्यावा लागतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. ज्याला वस्तू जपल्याबद्दलच विचारलं जातं, वापरल्याबद्दल कधीच नाही, तो माणूस वस्तू कपाटातच ठेवणार.

पण या कुलुपाचा परिणाम काय होतो ते ऐका. काम थांबत नाही, ते हॉस्टेलच्या खोलीत जातं. गादीवर सोल्डरिंग होतं. २३० व्होल्टवरचा रिले एक्स्टेन्शन बोर्डावर तपासला जातो. त्या बोर्डाला अर्थिंग आहे की नाही, कुणालाच माहीत नसतं. माझ्या ओळखीतल्या एका ग्रुपने थेट शेतातल्या स्टार्टरमध्ये हात घातला, ४१५ व्होल्टवर, कारण कॉलेजमध्ये थ्री-फेज बोर्ड मिळाला नाही. त्यांना काही झालं नाही याबद्दल मी देवाचे आभार मानते. लॅबमध्ये जादा करंटला वीज तोडणारा एमसीबी असतो, शॉक लागताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवता येतो, सर्किट मुख्य विजेपासून वेगळं ठेवणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असतो, शेजारी अनुभवी माणूस असतो. मेन्सवर काम करायचं असेल तर त्यासाठी याहून चांगली जागा कुठली? सुरक्षिततेचं कारण देऊन लॅब बंद ठेवली जाते आणि मुलं याहून असुरक्षित जागी जातात.

नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनने २०१६ पासून देशभरातल्या शाळांना टिंकरिंग लॅबसाठी २० लाखांपर्यंत अनुदान दिलं. सहावी ते बारावीच्या मुलांच्या हातात मायक्रोकंट्रोलर, सेन्सर, थ्री-डी प्रिंटर यावेत म्हणून. सहावीतल्या पोरीवर देश एवढा विश्वास ठेवतो, आणि पदविकेच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलीला डीएसओसाठी जेवणाच्या सुट्टीची वाट पाहावी लागते.

पार्टबद्दलही इथेच सांगते. मुंबईच्या मुलांना लॅमिंग्टन रोड आहे, पुण्याच्या मुलांना तपकीर गल्ली आहे. संध्याकाळी गेलं की रेझिस्टरपासून कॉन्टॅक्टरपर्यंत सगळं मिळतं, दुकानदाराशी बोलून दोन गोष्टी शिकताही येतात. आमच्याकडे एक व्होल्टेज रेग्युलेटर जळाला तर नवा कुरिअरने येईपर्यंत काम ठप्प. विभागाने नेहमीचे पार्ट एका कपाटात ठेवले आणि वहीत लिहून दिले, तर हा सगळा वेळ वाचेल.

चौथी तक्रार मी मुद्दाम स्पष्ट लिहिते. मिश्र ग्रुपमध्ये मुलींना रिपोर्ट, पीपीटी आणि मॉडेलला रंगीत कागद चिकटवणं ही कामं दिली जातात. सोल्डरिंग, वायरिंग आणि बाजारहाट मुलांकडे. हे मुलं एकटी ठरवत नाहीत. ‘तुमचं अक्षर चांगलं आहे, तुम्ही ब्लॅक बुकचं (प्रोजेक्टच्या बांधलेल्या रिपोर्टचं) बघा’ हे मी गाईडच्या तोंडून ऐकलंय. म्हणून आम्ही चौघींनी मुलींचाच ग्रुप केला. तेव्हा ‘थ्री-फेजचा विषय तुम्हाला झेपेल का’ असं विचारलं गेलं. विषय अवघड आहे म्हणून विचारलं असतं तर मी आनंदाने उत्तर दिलं असतं. शेजारच्या मुलांच्या ग्रुपचा विषयही थ्री-फेजचाच होता आणि त्यांना कुणी काही विचारलं नाही.

पाचवी तक्रार परीक्षेची. एका दिवसात एक्स्टर्नल परीक्षकांना खूप ग्रुप पाहायचे असतात. वाट्याला काही मिनिटं येतात. ‘चालू करून दाखवा’, मग ब्लॅक बुक चाळणं, पानं किती आहेत, बाइंडिंग झालंय का, सोनेरी अक्षरं आहेत का. विकत आणलेला प्रोजेक्ट दिवे लावून दाखवतो आणि गुण घेऊन जातो. ज्या ग्रुपने स्वतः पीसीबी एच केली (रसायनाने नको ते तांबं काढून ट्रॅक तयार केले), ट्रॅक तुटला तो शोधून जोडला, पाचपैकी चार भाग चालवून दाखवले आणि पाचवा का चालत नाही हे मोजमापासकट सांगितलं, त्यांना ‘प्रोजेक्ट अपूर्ण’ म्हणून कमी गुण मिळतात. कारखान्यात मेंटेनन्सला उभं राहणाऱ्या डिप्लोमाधारकाचं सगळं कामच बंद पडलेलं यंत्र का बंद पडलं हे शोधण्याचं असतं. त्याची परीक्षा घ्यायची ही एकमेव जागा आहे आणि आपण तिथे बाइंडिंग तपासतो.

सहावी तक्रार लहान आहे. परीक्षा झाली की प्रोजेक्ट स्टोअररूममध्ये जातात, वर्षभरात त्यातले पार्ट निघतात आणि खोके उरतात. कुणाचं सर्किट, कोड, मोजमापं पुढच्या बॅचला मिळत नाहीत. म्हणून दरवर्षी तीच ब्लूटूथवर दिवा लावणारी घरं, तीच आरएफआयडीची हजेरी, तीच अंधांची काठी, आणि दरवर्षी पहिल्यापासून. हे विषय वाईट नाहीत, दुसऱ्या वर्षाच्या मायक्रोप्रोजेक्टला उत्तम आहेत. पण अंधांच्या काठीवर एका बॅचने काम केलं, दुसरीने ती खरोखर एखाद्या अंध व्यक्तीच्या हातात देऊन काय चुकतं ते लिहिलं, तिसरीने वजन आणि बॅटरी सुधारली, असं झालं तर तीन वर्षांत वापरण्याजोगी काठी तयार होईल.

तुमच्या अडचणी मला दिसतात. विभागात कायम शिक्षक मोजके आहेत, बरेच जण तासिका तत्त्वावर शिकवतात. एकेका गाईडकडे अनेक ग्रुप असतात, वर परीक्षेची, प्रवेशाची, मूल्यांकनाच्या फायलींची कामं. तासिका तत्त्वावरच्या आमच्या एका मॅडम मोबदला मिळत नसताना शनिवारी थांबून आमचा कोड पाहतात. अशा शिक्षकांवर प्रोजेक्टचा भार टाकायचा असेल तर त्याचे तास त्यांच्या कामाच्या तासांत धरा, हे मी त्यांच्या बाजूनेही मागते.

आमच्या मागण्या अशा आहेत.

१. बाहेरच्या संस्थेकडूनच प्रोजेक्ट करून घेण्याची सूचना लेखी मागे घ्यावी. ज्यांनी फी भरली आहे त्यांना ती परत मिळवून द्यावी.

२. सहाव्या सेमिस्टरमध्ये आठवड्यातून किमान दोन दिवस संध्याकाळी सातपर्यंत आणि शनिवारी पूर्ण दिवस प्रोजेक्ट लॅब उघडी ठेवावी. थांबणाऱ्या शिक्षकांना आणि काकांना त्याचा मोबदला किंवा बदली सुट्टी द्यावी. डीएसओ, फंक्शन जनरेटर आणि पॉवर सप्लाय वहीत नोंद करून वापरायला मिळावेत. वापरताना झालेला साधा बिघाड कुणाच्याही पगारातून किंवा डिपॉझिटमधून वसूल करू नये.

३. २३० आणि ४१५ व्होल्टवरची कोणतीही चाचणी फक्त लॅबमध्ये आणि देखरेखीखाली करावी, हा नियम करा, आम्ही तो पाळू. पण त्यासाठी विद्युत विभागाची मशीन लॅब आम्हाला ठरलेल्या वेळी मिळाली पाहिजे.

४. पाचव्या सेमिस्टरच्या शेवटी ब्लॉक डायग्रॅम, पार्ट निवडण्याची कारणं, करंटचा हिशेब, खर्चाची यादी आणि निदान एका भागाची ब्रेडबोर्डवरची चाचणी दाखवल्याशिवाय नियोजनाचे गुण देऊ नयेत. लॉगबुकवर सही त्या त्या आठवड्यातच व्हावी.

५. गुणांमध्ये मोजमाप, दोष शोधणं आणि प्रत्येकाने स्वतः केलेलं काम यांना स्वतंत्र वाटा द्यावा. प्रत्येक विद्यार्थ्याला सर्किटचा एक भाग स्वतः समजावून सांगायला आणि तिथे प्रोब लावून दाखवायला सांगा. विकतचा प्रोजेक्ट कुठला हे दोन मिनिटांत कळेल.

६. सोनेरी अक्षरांच्या जाड ब्लॅक बुकऐवजी लहान रिपोर्ट घ्यावा. त्यात सर्किट, कोड, मोजमापं आणि न जमलेल्या गोष्टी असाव्यात, आणि तो पुढच्या बॅचला वाचायला मिळावा.

७. विभागात पार्टचं कपाट सुरू करावं. स्टोअररूममधल्या जुन्या प्रोजेक्टमधले चांगले पार्ट काढून, तपासून, डब्यांत लावून द्यायचं काम आम्ही तृतीय वर्षाचे विद्यार्थी करू. दोन शनिवार द्या.

आमच्या ग्रुपने त्या संस्थेची फी भरलेली नाही आणि भरणार नाही. यामुळे आमचे टर्मवर्कचे गुण कमी केले गेले तर त्याचं कारण आम्हाला लेखी द्यावं.

आमच्या कामाचा पुढचा टप्पा थ्री-फेजवरच्या चाचणीचा आहे. चालत्या मोटरचा एक फेज काढल्यावर आमचं यंत्र किती वेळात कॉन्टॅक्टर सोडतं, आणि कॉन्टॅक्टर सुटताना कॉइलमधून उठणाऱ्या झटक्याने आमचा मायक्रोकंट्रोलर रीसेट होतो का, हे मोजायचं आहे. तो झटका शोषणारा, कॉइलवर लावायचा रेझिस्टर-कपॅसिटरचा स्नबर तयार आहे. चाचणीचे टप्पे आणि सुरक्षिततेची यादी लिहून अर्जासोबत जोडली आहे. मशीन लॅबमध्ये अर्धा दिवस आणि विद्युत विभागाचे एक शिक्षक हवे आहेत. या महिन्यातली कोणतीही तारीख चालेल, ती आम्हाला कळवावी.

आपली विद्यार्थिनी,
तृतीय वर्ष, अणुविद्युत व दूरसंचार